शेरवानीतली मुलं

भालकी, औराद, आळंद, बसवकल्याण भागातल्या मराठी घरांत आजही असे जुने फोटो सापडतात: पाचसहा वर्षांचा मुलगा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, एक हात तिवईवर आणि चेहऱ्यावर थेट तहसीलदाराचं गांभीर्य. ही गावं ज्यांत येतात ते बीदर आणि गुलबर्गा जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तिथे शेरवानी ही धर्मापेक्षा दरबाराची आणि कचेरीची खूण होती. म्हणून हिंदू वतनदाराचा मुलगाही ती घाली. मुलीला परकर-पोलकं आणि बहुधा आईचे दागिने. तान्ह्याला कुंची. एवढा थाट करूनही गालावरची काजळाची तीट मात्र कुणी पुसत नसे!

मुलं हसत का नाहीत? कॅमेऱ्यापुढे फार वेळ स्तब्ध राहावं लागे, हे उत्तर मला अर्धंच पटतं. १८८० नंतर ड्राय प्लेट, म्हणजे फोटोसाठी आधीच तयार केलेली कोरडी काच, रुळली आणि चांगल्या उजेडात काम क्षणात होऊ लागलं. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तोवर तंत्र बरंच पुढे गेलं होतं. गांभीर्य तरीही टिकलं, कारण फोटो मुलाचा नसे, घराण्याचा असे. दुमडलेल्या बाह्यांचा, मागून आणलेला कोटही त्यासाठीच.

तुमच्याकडे असे फोटो असतील तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव, अंदाजे साल लिहून ठेवा. सांगणारी आजी घरात आहे तोवरच हे काम उरका.