श्रमहर ते बल्य नव्हे

व्यायामशाळेत जाणारा तरुण आज आपल्या चिकित्सालयात येतो तो बहुधा एकच प्रश्न घेऊन : "डॉक्टर, ताकद वाढवायची आहे, कोणती पावडर घेऊ?" औषधविक्रेत्याकडे तर तो प्रश्नही विचारीत नाही, सरळ डब्याचे नाव सांगतो. 'वजन वाढविणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या या डब्यांत प्रथिने असतात हे खरे. परंतु त्यांतील बहुतेकांत मोठा भाग माल्टोडेक्स्ट्रिन व साखर यांचा, म्हणजे कर्बोदकांचा असतो. अशा पेयांविषयी वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी कोणती भूमिका घ्यावी, यासंबंधी आमचे मत येथे मांडीत आहोत.

प्रथम शास्त्राकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय वर्णिले आहेत. त्यांतील श्रमहर गणात द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक ही दहा द्रव्ये येतात. प्रियाल म्हणजे चारोळी वगळता ही यादी फळे, ऊस आणि धान्ये यांची आहे. आजच्या परिभाषेत कर्बोदकांचीच म्हणावी लागेल. त्याच अध्यायात बल्य गण स्वतंत्र सांगितला असून त्यात अश्वगंधा, बला, अतिबला, पयस्या आदी द्रव्ये आहेत. दोन्ही गणांत सामायिक असे एकही द्रव्य नाही. श्रम हरण करणे आणि बल देणे ही भिन्न कर्मे होत, हा आचार्यांचा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

चरकाचार्यांनी स्नायूंतील ग्लायकोजेन मोजले होते, असा दावा आम्ही करणार नाही. तसे दावे करून आपण शास्त्राचे हसे करून घेतो. परंतु आधुनिक क्रीडाविज्ञानाचे निष्कर्ष या भेदाशी जुळतात, हे नमूद करणे अगत्याचे आहे. वजने उचलण्याच्या एका सत्रात त्या स्नायूंतील ग्लायकोजेनचा साधारण चौथा हिस्सा ते दोन पंचमांश साठा खर्च होतो. काही तासांतच पुन्हा कठोर श्रम करावयाचे असतील, तर पहिल्या चार तासांत शरीरभाराच्या दर किलोमागे ताशी १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घेतल्याने तो साठा त्वरेने भरून निघतो. मध्ये पूर्ण दिवसाचा अवकाश असेल, तर नेहमीचे जेवण पुरते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात असे आढळले की, जेवून व्यायामास आलेल्या व्यक्तीस, एका स्नायुसमूहाची दहापर्यंत आवर्तने होत असताना, कर्बोदकांच्या पुरवणीने कामगिरीत लाभ होत नाही. प्रथिने पुरेशी असतील तर त्यांत साखर मिसळल्याने स्नायूंची बांधणीही अधिक होत नाही.

मग हे पेय कोणासाठी? कोल्हापूरच्या तालमीतील मल्ल पहाटे मेहनत करतो व सायंकाळी पुन्हा आखाड्यात उतरतो. त्याच्या बाबतीत दोन सत्रांमधील वेळ अल्प आणि श्रम प्रचंड. त्यास श्रमहर पेय हवेच. याउलट नोकरी अथवा अभ्यास सांभाळून संध्याकाळी तासभर व्यायामशाळेत जाणारा, दोन वेळा पोटभर जेवणारा तरुण त्याच डब्याचा पेला रिचवितो, तेव्हा तो आपल्या आहारात आणखी एका जेवणाची भर घालीत असतो, एवढेच.

असाच एक बावीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला होता. सहा महिन्यांत वजन नऊ किलोंनी वाढले म्हणून तो आनंदात होता. वाढले होते ते मुख्यतः उदर. वडील प्रमेही, मुलाची उपाशीपोटी रक्तशर्करा ११८. डबा कोठून घेतला, असे विचारता त्याने आमच्याच चिकित्सालयाला लागून असलेल्या औषधालयाकडे बोट दाखविले. ते औषधालय आमच्याच घरचे. त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना त्याची पूर्वावस्था असल्याचा अंदाज आहे. अशा देशात 'बल' या नावाने साखर विकणे वैद्यास शोभत नाही. साखरेत अश्वगंधेची चिमूट टाकून डब्यावर 'आयुर्वेदिक' छापल्याने हा दोष जात नाही, उलट वाढतो.

आमची सूचना साधी आहे. पेय देण्यापूर्वी दिवसातून किती वेळा व्यायाम करतोस, शेवटचे जेवण कधी झाले, घरात प्रमेह आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत, औषधविक्रेत्यांनीही विचारावेत. ज्यास खरोखर गरज आहे त्यास मंथ द्यावा. शार्ङ्गधरोक्त प्रमाणाने एक भाग द्रव्य व चार भाग शीत जल घ्यावे. बी काढलेल्या शंभर ग्रॅम खजुरात सुमारे सत्तर ते पंचाहत्तर ग्रॅम कर्बोदके असतात. सत्तर किलोच्या मल्लास श्रमानंतरच्या पहिल्या तासासाठी ती पुरेशी आहेत. व्यायाम चालू असताना मात्र इतके घट्ट पेय पोटात जड होते. तेव्हा ते निम्मे पातळ करावे. वर्षाऋतूत उदमंथ वर्ज्य सांगितला आहे, याचेही स्मरण असावे. आणि ज्यास बल हवे आहे त्यास अर्धशक्ती व्यायाम, पुरेशी झोप, दूध-डाळींचा आहार व अग्नी पाहून बल्य द्रव्य, हाच मार्ग सांगावा.

आमच्या औषधालयातून ते डबे आम्ही काढून टाकले. मासिक विक्रीत घट झाली, हे मान्य करावयास हवे. ती अद्याप पूर्ण भरून निघालेली नाही. परंतु डबा घेण्यास आलेला मुलगा आता आधी वडिलांची साखर किती, हे सांगतो. व्यवसायबंधूंनी या नफ्या-तोट्याचा हिशेब आपापल्या दुकानात एकदा मांडून पाहावा, अशी आमची नम्र विनंती आहे.