विश्लेषण : वाळवंटात दिसणारी जमिनीची ‘आडवी’ सरक कोयनेत का दिसत नाही?

कोयना किंवा वारणा परिसरात धक्का बसला की कोल्हापुरात पहिला प्रश्न असतो तो ‘किती रिश्टर?’ आणि दुसरा ‘धरण ठीक आहे ना?’ पण भूकंपशास्त्रज्ञांना आणखी एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं. जमिनीखालची भेग नेमकी किती सरकली आणि कुठल्या दिशेला? जगातल्या कोरड्या, उघड्या प्रदेशांत हे मोजणं आता बरंच सोपं झालंय. सह्याद्रीत मात्र ते अजूनही अवघड आहे. नासा आणि इस्रोच्या ‘निसार’ उपग्रहामुळे ही अडचण सुटेल का, हे समजून घेऊ.

आडवी सरक म्हणजे काय?

भूगर्भातल्या ज्या भेगेवर खडक सरकतात तिला भ्रंश किंवा ‘फॉल्ट’ म्हणतात. काही भ्रंशांवर खडक वर-खाली सरकतात, तर काहींवर दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. या दुसऱ्या प्रकाराला ‘स्ट्राइक-स्लिप फॉल्ट’ असं नाव आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला कोयनेचा भूकंप याच प्रकारचा होता. त्याची तीव्रता ६.३ होती आणि त्यात किमान १७७ जणांचा जीव गेला. भूकंपानंतर डोणीचावाडा परिसरात जमिनीला भेगा पडल्या. त्या सलग नव्हत्या, एकीपुढे दुसरी अशा तिरक्या तुकड्यांत होत्या. जमीन आडवी ओढली गेल्याची ही खूण. या भेगा आणि भूकंपमापकांच्या नोंदी यांवरून भ्रंश साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य असा असल्याचं आणि त्याच्या एका बाजूला उभं राहिल्यास समोरची बाजू डावीकडे सरकल्याचं स्पष्ट झालं.

वाळवंटात हे मोजतात कसं?

कोरड्या प्रदेशात पाऊस कमी, झाडं कमी आणि शेतीही कमी. त्यामुळे जमिनीवर पडलेली खूण शेकडो वर्षं टिकते. कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो माळावर सॅन अँड्रियास भ्रंश ओलांडणारा ‘वॉलेस क्रीक’ नावाचा ओढा आहे. भ्रंशापाशी तो काटकोनात वळतो, सुमारे १३० मीटर आडवा जातो आणि मग पुन्हा सरळ होतो. इतकं अंतर सरकायला सुमारे ३,७०० वर्षं लागली, असं गाळाच्या वयावरून ठरवण्यात आलं. म्हणजे वर्षाला साधारण साडेतीन सेंटीमीटर.

दुसरी पद्धत उपग्रहाची. रडार उपग्रह एकाच जागेवर दोनदा लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींची तुलना करतो. मधल्या काळात जमीन काही सेंटीमीटर हलली असेल, तर तो फरक नकाशावर रंगीत पट्ट्यांच्या रूपात उमटतो. १९९२ मध्ये मोहावी वाळवंटातल्या लँडर्स भूकंपानंतर या पद्धतीने तयार केलेला नकाशा पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि भूकंपाच्या अभ्यासाला नवं साधन मिळालं.

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या सगाइंग भ्रंशावरची सरक तर एका सीसीटीव्ही कॅमेऱ्यातच कैद झाली. क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी ते चित्रण तपासलं, तेव्हा सुमारे १.३ सेकंदांत जमीन २.५ मीटर सरकल्याचं दिसलं.

मग कोयनेत अडचण काय?

पहिली अडचण झाडी आणि पावसाची. रडारच्या आखूड लहरी पानांवरूनच परततात. दोन फेऱ्यांच्या मधे पानं हलतात, ओली होतात, गळतात. मग तुलना करायची कशाची? शिवाय सह्याद्रीतला पाऊस जमिनीवरच्या खुणाही लवकर पुसून टाकतो.

दुसरी अडचण खोलीची. कोयनेत सुमारे एक किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक आहे आणि भूकंप प्रामुख्याने या जुन्या खडकात होतात. चार तीव्रतेच्या धक्क्यात तिथे झालेली काही सेंटीमीटरची सरक जमिनीपर्यंत पोहोचतच नाही.

तिसरी अडचण दिशेची. उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात आणि बाजूला, म्हणजे साधारण पूर्वेला किंवा पश्चिमेला पाहतात. जमीन त्यांच्या जवळ आली की दूर गेली, एवढंच त्यांना नीट कळतं. कोयनेचा भ्रंश जवळपास उत्तर-दक्षिण आहे. त्याच्यावरच्या आडव्या सरकेमुळे उपग्रहापासूनचं अंतर फारसं बदलत नाही, त्यामुळे ती बरीचशी निसटते.

‘निसार’मुळे काय बदलेल?

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परततो. त्याच्या एल-बँड रडारच्या लहरीची लांबी सुमारे २४ सेंटीमीटर आहे. ती पानांमधून बऱ्याच अंशी आरपार जाते, त्यामुळे पहिली अडचण कमी होईल. दिशेची आणि खोलीची अडचण मात्र राहतेच.

म्हणून जमिनीवरची यंत्रणा महत्त्वाची ठरते. जीपीएस केंद्रं उत्तर-दक्षिण सरक पकडू शकतात. पण भारताचं सगळं भूपट्टच वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतंय. ती हालचाल वजा केल्यावर उरणारा बारीक फरक शोधायचा, तर वर्षानुवर्षांच्या सलग नोंदी लागतात. गोठणे इथे २०१७ मध्ये पूर्ण झालेलं तीन किलोमीटर खोल विवर आणि कराडजवळच्या हजारमाचीतली प्रयोगशाळा यांचा उद्देशही भूकंप जिथे होतात तिथल्या खडकापर्यंत पोहोचण्याचाच आहे.

कोल्हापूरकरांनी यातून काय घ्यायचं?

कोयनानगर कोल्हापूरपासून हवाई अंतराने सुमारे ९० किलोमीटरवर आहे. वारणेचं खोरं तर जिल्ह्याच्या सीमेलाच लागून आहे. १९८० च्या दशकात वारणेचा जलाशय भरू लागल्यानंतर भूकंपांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. तिथल्या बऱ्याच धक्क्यांत खडक आडवे सरकण्याऐवजी खाली घसरतात. म्हणजे एकाच पट्ट्यात सरकेचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

सरकेचा वेग कळला, तर भ्रंशावर किती ताण साठतोय याचा अंदाज बांधता येतो. पण भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे त्यावरून सांगता येत नाही. ‘उपग्रहाने कोयनेचा भूकंप आधीच ओळखला’ असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नये. २०१६ च्या भारतीय मानकात कोयना परिसर झोन चारमध्ये आणि कोल्हापूर झोन तीनमध्ये आहे. घर बांधताना त्या मानकाप्रमाणे कॉलम, बीम आणि सळी आहे की नाही, हे इंजिनिअरला विचारणं मात्र आजही प्रत्येकाच्या हातात आहे.