पन्नाशीतलं निदान

यंदाच्या परिसंवादाचा विषय ठरत असताना आमच्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, ऑटिझम हे लहान मुलांचं. पन्नाशीच्या माणसाला आता ते सांगून काय उपयोग? उगाच शिक्का कशाला? हेतू चांगलाच होता. पण आलेले लेख वाचताना दिसलं, की या मंडळींवर शिक्के कधीचेच बसले आहेत: तुसडा, शिष्ट, एककल्ली, ‘माणसांत न येणारी’. ते घरबसल्या फुकट मिळतात आणि त्यावर अपील नसतं.

एक लेखिका मुलाच्या तपासणीला गेल्या होत्या. कपड्यांच्या शिवणी टोचतात का, रोजचा रस्ता बदलला की बिथरतो का, असं डॉक्टर विचारत होत्या. उत्तरं देता देता बाईंना कळेना, आपण मुलाबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल. लग्नघरात गप्पा टाळायला वाढपाचं काम अंगावर घ्यायचं, फोन करण्याआधी वाक्यं कागदावर उतरवायची, दिवाळीचे पाहुणे गेले की दुसरा दिवस अंथरुणात काढायचा. त्यांची स्वतःची तपासणी मात्र अडली. ही लक्षणं बालपणापासूनची असावी लागतात, म्हणून आईला विचारतात: पहिला शब्द कधी बोलली, हवी ती वस्तू बोटाने दाखवायची का? आई केव्हाच गेलेल्या. शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेतलं प्रगतिपुस्तक कामी आलं. त्यात वर्गशिक्षिकेचा शेरा होता: ‘हुशार, पण मुलींत मिसळत नाही.’

वैद्यकातली नावं तरी कुठे कायमची असतात! मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांबद्दल लिहिलं. त्यातले पहिले डोनाल्ड ट्रिपलेट मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावी बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, २०२३ मध्ये ८९व्या वर्षी वारले. मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत १९९४ला आलेलं ‘ॲस्पर्गर’ २०१३ला ऑटिझममध्ये विलीन झालं. पुढे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी नाझी काळात काही अपंग मुलांना ‘आम श्पीगलग्रुंड’मध्ये धाडलं होतं. तिथे मुलं मारली जात. आमचे एक लेखक तरीही तेच नाव लावतात. त्या नावानेच त्यांना पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं भेटली. नाव सोडा असं त्यांना सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे असं वाटत नाही.

आपल्याकडे निदानाला व्यवहाराची बाजूही आहे. २०१६च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का त्याला बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांच्याबरोबर वाटून घ्यावा लागतो. प्रमाणपत्रासाठीच्या ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीवर ४० बाबी तपासतात. गुण ७०च्या खाली, तर ऑटिझम नाही. आयुष्यभर समोरच्याच्या कपाळाकडे बघत ‘नजर भिडवायला’ शिकलेला माणूस इथे हमखास कमी गुण मिळवतो. जमवून घेण्याचे कष्ट मोजायला या पट्टीत रकाना नाही, आणि आमच्या मते तो हवा.

प्रगतिपुस्तकवाल्या बाईंनी लेखाखाली पूर्ण नाव आणि निदानाचं वर्षही छापायला सांगितलं आहे. दुसऱ्या एका लेखकांची अट उलटी: परिचयात ऑटिझम नको, ‘नाट्यपदांच्या जुन्या तबकड्यांचे संग्राहक’ एवढंच पुरे. दोघांचंही ऐकलं आहे. तबकड्यांवरचा त्यांचा लेख लांबला, तोही न कापता छापला आहे.