शक्ती आमची, सत्ता कुणाची?

करवीर तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांचं शिबिर होतं. फळ्यावर मी 'सत्ता' हा शब्द लिहिला आणि विचारलं, हा शब्द वाचून काय आठवतं? बराच वेळ कुणी बोलेना. मग एकजण म्हणाली, 'खुर्ची.' दुसरी म्हणाली, 'आमदार.' तिसरी हळूच म्हणाली, 'सासू,' आणि सगळ्या हसल्या. मागे बसलेल्या, पहिल्यांदाच सरपंच झालेल्या बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'मॅडम, सही माझी हाय. पर कुठं करायची ते आमचं मालक सांगत्यात.'

मी तो शब्द पुसला आणि 'शक्ती' लिहिला. आता सगळ्या एकदम बोलू लागल्या. अंबाबाई, दुर्गा, नवरात्र, आई, बाळंतपण. पाच मिनिटांत फळा भरला. तेव्हापासून हे दोन फळे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

इंग्रजीत या दोन्हींना 'पॉवर' हा एकच शब्द चालतो. मराठीत मात्र शब्दांची वाटणी झाली आहे. तालमीतल्या पैलवानाच्या अंगात रग असते, कारखान्याच्या संचालकाची वट असते, पाटलाच्या शब्दाला वजन असतं, साहेबाला अधिकार असतो. बाईकडे काय असतं? सोसण्याची शक्ती. 'केवढी शक्ती आहे हो तिच्यात!' हे वाक्य आपल्या कानावर कधी येतं? दारुड्या नवऱ्याला सांभाळत चार पोरं वाढवली की. जमिनीत वाटा मागणाऱ्या बहिणीला असं कुणी म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आमचं कोल्हापूर तर शक्तिपीठच. पण त्या शक्तीच्या गाभाऱ्यात सर्वसामान्य बायकांनी जायचं नाही, ही रूढी कितीतरी काळ चालत आली. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, मंदिर प्रवेश हा स्त्रियांचा हक्क आहे आणि त्याचं रक्षण करणं सरकारचं काम आहे. त्याच महिन्यात तृप्ती देसाई अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्या, तेव्हा त्यांना धक्काबुक्की झाली. देवळात जावं की न जावं याबद्दल आपल्यात मतभेद असतील, असावेतही. माझा मुद्दा वेगळा आहे. शक्ती देवीची, पण तिच्याजवळ कुणी जायचं हे ठरवण्याची सत्ता दुसऱ्याच कुणाची.

कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा घोड्यावरचा पुतळा आहे. १७०० साली राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर त्यांनी मुलाच्या नावाने राज्याचा कारभार हाती घेतला आणि औरंगजेबाच्या फौजेशी टक्कर दिली. आपण त्यांना रणरागिणी म्हणतो. राज्यकर्त्या क्वचितच म्हणतो. तलवार चालवणारी बाई आपल्याला पेलते, कारभार चालवणारी पेलत नाही.

बाहेरगावच्या मैत्रिणींना आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात याची फार गंमत वाटते. 'तुमच्या बायका किती बिनधास्त!' असं त्या म्हणतात. पण क्रियापद पुरुषी झालं म्हणून सातबारावर नाव लागत नाही.

आपण चळवळीतल्या बायकांनीही या वाटणीला हातभार लावला आहे. आधी आपण 'सबलीकरण' म्हटलं, म्हणजे बाई मुळात अबला ठरली. मग 'सक्षमीकरण' म्हटलं, म्हणजे ती अक्षम ठरली. दोन्ही शब्दांत सत्ता कुठे आहे? १९९० नंतरच्या शिबिरांमध्ये आपण सत्तेचे प्रकार शिकलो आणि शिकवले: दुसऱ्यावर गाजवायची सत्ता, काही करण्याची ताकद, एकत्र येण्यातलं बळ आणि आतलं बळ. यातले शेवटचे तीन सरकारने आणि बँकांनीही आनंदाने उचलले, कारण त्यांनी कुणाची खुर्ची हलत नाही. बचत गटातून बाई कर्ज काढते, म्हैस घेते. वैरण तिची, शेण तिचं, धार तिची. दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं ते कुणाच्या नावावर? दूध संस्थेचा सभासद कोण? हे विचारलं की सक्षमीकरणाचा कार्यक्रम एकदम शांत होतो.

काही मैत्रिणी म्हणतात, सत्ता हीच वाईट गोष्ट, ती आपल्याला नकोच. मला हे पटत नाही. आपण नको म्हटल्याने सत्ता नाहीशी होत नाही, ती होती त्याच्याच हातात राहते. आमच्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आठवा. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं यापुढे नको, असं गावाने लिहून ठेवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने रूढी एका रात्रीत मरत नाही, हे आपण जाणतो. पण विधवेच्या सोसण्याच्या शक्तीचं कौतुक करत बसण्याऐवजी तिने काय सोसायचं नाही, हे तिथे सहीशिक्क्यानिशी ठरलं. एवढं काम सत्ताच करू शकते. राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांसाठी राखीव आहेत. ठराव करणारे हात आपलेही असू शकतात.

मात्र सत्ता हातात आली की ती आपल्यालाही चिकटते. त्या दिवशी शिबिर संपल्यावर सरपंचबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, 'मॅडम, सकाळी तुमी हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या. त्यात वर काय लिवलंय ते सांगितलंच न्हाई.' मी कागद पाहिला. वर संस्थेचा मजकूर होता, प्रवासखर्च मिळाल्याची पावतीही त्यातच होती. पैसे मी संध्याकाळी देणार होते, पण पोच सकाळीच घेऊन ठेवली होती. सोयीसाठी! सही कुठे करायची हे मालक सांगतात म्हणून हळहळणारी मी, मीही फक्त जागाच दाखवली होती.

मी त्यांची माफी मागितली. सगळ्यांना परत बसवून कागद मोठ्याने वाचला. दोघींनी आपली सही खोडली आणि पैसे हातात पडल्यावर पुन्हा केली. मला अवघडल्यासारखं झालं, पण दिवसभराच्या माझ्या बोलण्यापेक्षा त्या दहा मिनिटांत सत्तेचा अर्थ अधिक कळला. तो मलाही कळला.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत शक्तीची गाणी जरूर म्हणू या, पण त्यानंतर चार साधे प्रश्नही विचारू या. बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं? कपाटाची किल्ली कुणाकडे असते? सातबारावर नाव कुणाचं? आणि सही करण्याआधी कागद वाचला कुणी? पहिले तीन गावाला विचारायचे आहेत. चौथा आधी आपल्या संघटनेच्या कार्यालयात विचारावा लागेल.