‘लोंढा’ हा शब्द कुठून आला?

युरोपातील स्थलांतराच्या बातम्यांवर एक आक्षेप आपल्याकडेही हिरिरीने घेतला जातो. तिथली माध्यमे परक्यांची बाजू घेतात, त्यांचे गुन्हे दडपतात आणि सामान्य युरोपीय माणसाच्या भीतीकडे काणाडोळा करतात, असे म्हणतात. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही, कारण त्याच्यापाशी पुरावा आहे. ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री जर्मनीत कोलोनच्या मुख्य रेल्वे स्थानकाबाहेर शेकडो स्त्रियांचा विनयभंग झाला, लूटमार झाली. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले तरुण बरेच होते. देशपातळीवर ही बातमी ठळकपणे यायला चार-पाच दिवस गेले. झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीने ४ जानेवारीच्या सायंकाळच्या बातमीपत्रात ती घेतलीच नाही आणि मागाहून चूक कबूल केली. २०१७ मध्ये मिखाएल हालर यांच्या अभ्यासाने दाखवले, की २०१५ साली जर्मन वृत्तपत्रांनी सरकारची स्वागताची भाषा फारशी उलटतपासणी न करता उचलली होती. त्या रात्री ज्या स्त्रियांच्या अंगावर हात टाकला गेला, त्यांच्यावर या दिरंगाईने दुसरा अन्याय केला. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

परंतु यावरून सगळी माध्यमे स्थलांतरितांची वकील ठरत नाहीत. २०१५ मध्येच १७ एप्रिलला ब्रिटनच्या ‘द सन’ या भरपूर खपाच्या दैनिकातील एका स्तंभात समुद्र ओलांडणाऱ्या माणसांना झुरळे म्हटले गेले. दोन दिवसांच्या आत लिबियाच्या उत्तरेला एक बोट उलटली आणि सुमारे ८०० माणसे बुडाली. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे मानवाधिकार उच्चायुक्त झैद राद अल हुसैन यांना नाझी प्रचाराची आणि रवांडातील नरसंहार चेतवणाऱ्या रेडिओची आठवण करून द्यावी लागली. जुलैमध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी याच माणसांसाठी किड्यांच्या थव्याचा शब्द वापरला.

दुसरा आक्षेप असा, की बातमीदार दिसते ते दाखवतो. बोटी येतात म्हणून बोटी दिसतात. २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या सीमांवर विनापरवाना प्रवेशाच्या सुमारे ३ लाख ८० हजार नोंदी झाल्या. त्याच वर्षी संघातील देशांनी बाहेरच्या नागरिकांना ३५ लाखांहून अधिक नवे निवास परवाने दिले, आणि त्यांत सुमारे २ लाख भारतीय होते. पुण्याहून बर्लिनला किंवा आइंडहोव्हनला नोकरीसाठी गेलेली आपली मुलेमुली या दुसऱ्या आकड्यात मोडतात. कॅमेरा मात्र पहिल्याच आकड्यावर रोखलेला असतो. जे दिसते, ते आधी कोणी तरी निवडलेले असते.

मग ‘बेकायदा’ हा शब्द. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे ३१ वे कलम सांगते, की जिवाच्या धोक्यातून थेट आलेल्या आणि लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला विनापरवाना प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. आश्रयाचा अर्ज करायचा तर बहुधा युरोपच्या भूमीवर पाऊल ठेवावेच लागते. विमानाने जावे, तर व्हिसा नसलेल्याला घेऊन येणाऱ्या कंपनीला दंड होतो. २००१ पासून संघाचा तसा नियमच आहे. म्हणून सीरियातला किंवा अफगाणिस्तानातला माणूस तिकिटाच्या कित्येक पट रक्कम दलालाच्या हातावर ठेवतो आणि मोडक्या बोटीत बसतो. ‘तो बोटीने का आला?’ या प्रश्नाचे उत्तर इतके साधे आहे. रोजच्या बातमीत ते क्वचितच सापडते.

सगळ्यात मला डाचते ते जून २०२३ मधले. १४ तारखेला ग्रीसच्या पायलोसजवळ ‘आद्रियाना’ ही मासेमारीची बोट बुडाली. तिच्यावर सुमारे ७५० माणसे असावीत, असा अंदाज आहे. पाकिस्तान, इजिप्त, सीरियातली. १०४ वाचली, ८२ मृतदेह मिळाले. चारच दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेली ‘टायटन’ पाणबुडी पाच जणांसह बेपत्ता झाली आणि जगभरच्या पडद्यांवर तिच्यातला प्राणवायू तासातासाने मोजला गेला. त्या पाचांचा मृत्यूही दुःखदच. कोणी म्हणेल, पाणबुडीत उत्कंठा होती. मग पायलोसमध्ये काय कमी होते? युरोपीय संघाच्या सीमादलाच्या विमानाने ती बोट आदल्या दिवशीच पाहिली होती. बुडाली तेव्हा ग्रीक तटरक्षक दलाची नौका जवळ होती. तिने दोर लावून ओढल्यामुळे बोट कलंडली, असे वाचलेले लोक सांगत होते आणि दल ते नाकारत होते.

हे प्रश्न काही पत्रकारांनी विचारलेही. ‘गार्डियन’, जर्मनीची एआरडी, अथेन्सचे ‘सोलोमन’ आणि ‘फॉरेन्सिस’ ही संशोधन संस्था यांनी मिळून वाचलेल्यांच्या जबान्या, जहाजांच्या नोंदी आणि उपग्रहचित्रे पडताळून त्या रात्रीचा घटनाक्रम जुळवला. बातमीदारी म्हणतात ती ही. तिच्यात कोणाची भलामण नाही आणि द्वेषही नाही. कोलोनच्या स्त्रियांनाही तशीच बातमीदारी हवी होती, पहिल्याच सकाळी. पायलोसच्या प्रकरणात २०२५ मध्ये ग्रीक तटरक्षक दलाच्या १७ जणांवर आरोप ठेवले गेले.

मराठी वृत्तपत्रे परदेशी वृत्तसंस्थांचा मजकूर भाषांतरित करतात आणि शीर्षकात ‘लोंढे’ हा शब्द हमखास येतो. तो वृत्तसंस्थेचा नसतो. पाण्यासाठीचा हा शब्द आपण मुंबईत येणाऱ्या परप्रांतीयांना लावला आणि तोच सीरियातून आलेल्या आईला चिकटवला. ‘निर्वासित’ हा शब्द मात्र आपल्या जवळचा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत सिंधी कुटुंबे उतरली आणि तिथे उल्हासनगर वसले, तेव्हापासून तो महाराष्ट्राच्या बोलण्यात आहे. वृत्तसंपादकांना माझी विनंती आहे: आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत कोणालाही ‘बेकायदा’ लिहू नका, आकडा द्याल तेव्हा परवाने घेऊन आलेल्यांचाही द्या आणि ‘लोंढा’ नदीसाठी राखून ठेवा.