देवऋषी जवळ, दवाखाना दूर

विटा-आटपाडीची मुले गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत आणि माण-खटावची मुंबईच्या माथाडी बाजारात. ऐन विशीतला असा एखादा मुलगा एक दिवस गावी परत आणला जातो. तो झोपत नाही, अंघोळ टाळतो. कानात कोणी शिव्या देते म्हणतो, जेवणात विष आहे म्हणून ताट सारतो. गाव निदान करते: 'बाहेरचे' झाले! वैद्यकशास्त्र याला छिन्नमनस्कता अथवा स्किझोफ्रेनिया म्हणते. त्याआधीच्या खुणा तर अधिकच फसव्या. अभ्यासातून मन उडते, मित्र तुटतात, मूल महिनोनमहिने खोलीबाहेर पडत नाही. असे प्रत्येक मूल या आजाराचे नसते हे खरे. पण ते ठरवायचे कोणी, डॉक्टरांनी की भगताने?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेत सातारा-सांगलीची लोकसंख्या मिळून ५८ लाख भरली. म्हणजे या दोन जिल्ह्यांत एकोणीस हजारांच्या आसपास रुग्ण असावेत. ते आहेत कोठे? बरेचसे घराच्या आतल्या खोलीत. काहींची तर लग्नेही लावली जातात. 'लग्न झाले की ताळ्यावर येईल' या वेडगळ आशेपायी एका परक्या मुलीचे आयुष्य पणाला लावले जाते, आणि आजारी मुलगी असेल तर तिला निमूटपणे माहेरी आणून सोडतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या या साताऱ्यातून अंधश्रद्धेविरुद्धची चळवळ वाढली. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्यासाठी माणसाला बांधणे, मारणे गुन्हा ठरवले. परंतु आपण पुरोगामी भगताची टिंगल करून थांबतो, ही आपली सोय आहे. भगत स्वस्त नाही, पण जवळ आहे. तो ऐकून घेतो, आणि त्याच्याकडे जाण्यास लाज वाटत नाही. जतच्या शेतमजुराने मिरजेच्या शासकीय रुग्णालयात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि ती एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. कारण औषधांनी काही आठवड्यांत आवाज कमी होऊ लागतात, मात्र बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या की आजार बहुधा उलटतो. उपचाराला जितका उशीर, तितके सावरणे कठीण.

हे अंतर दैवाने घातलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे शासनाच्या अत्यावश्यक यादीतील मनोविकारांची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्वत्र, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे. कलम ९५ साखळदंडास मनाई करते. तमिळनाडूत एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळीने जखडलेले २८ मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. ते जळून मेले.

तेव्हा पाटण, दहिवडी, जत येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या ग्रामीण रुग्णालयाच्या औषधभांडारात जाऊन एवढेच विचारावे: रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आहे का? महिन्यातून एकदा द्यावयाचे फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन? गोळ्या नाकारणाऱ्या मुलाच्या आईला तेच परवडते. 'नाही' असे उत्तर आले तर ते लेखी घ्यावे, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात बसावे.