पाळण्यात बसले कोण, उतरले कोण?

मुलांनो,

आमच्या शाळेचं एक लेझीम पथक आहे. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे दर उन्हाळ्यात चौथीची मुलं पथक सोडून जातात आणि जूनमध्ये नवी मुलं येतात. चार वर्षांत पथकातलं एकूण एक मूल बदललेलं असतं. यंदा तिसरीतल्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, मागच्या वर्षी पथकाला ढाल मिळाली, ती आपल्याला नाही ना मिळाली? ती मुलं तर गेली!"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण खरं सांगू? मला स्वतःलाच ते पटलं नाही. घरी आल्यावर अकरावीतल्या भाच्याला ही गंमत सांगितली. तो गिटार शिकतो. म्हणाला, "मावशी, तुझ्या लेझीम पथकासारखाच एक बँड आहे. डीप पर्पल. पन्नासहून जास्त वर्षं झाली. माणसं बदलतात, नाव तेच." मग काय, दोन रविवार मी त्याच्या मागे लागून सगळी हकीकत काढून घेतली आणि इकडून तिकडून वाचूनही काढली. तीच आज तुम्हाला सांगते. (पालकांनो, 'हार्ड रॉक' म्हटल्यावर लगेच कपाळाला आठ्या घालू नका. जोरजोरात वाजणारी विजेची गिटार, दणदणीत ड्रम आणि उंच पट्टीतलं गाणं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या ढोल-ताशांपुढे ते फार काही नाही!)

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, १९६७ साली. ख्रिस कर्टिस नावाच्या एका ड्रमवादकाच्या डोक्यात कल्पना आली, की असा बँड काढायचा ज्यात वादक हवे तेव्हा चढतील, हवे तेव्हा उतरतील. त्याचं नाव ठेवलं 'राउंडअबाउट', म्हणजे जत्रेतला गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा. आणि गंमत बघा, पाळणा नीट फिरायला लागण्याआधीच स्वतः कर्टिसच उतरून गेला! पण त्यानं बोलावलेले दोघं मागे राहिले. एक जॉन लॉर्ड, ऑर्गन वाजवणारा. दुसरा रिची ब्लॅकमोर, गिटार वाजवणारा. या दोघांनी निक सिम्पर हा बास गिटारवाला घेतला. ड्रमवालाही मिळाला होता. आता फक्त गायक हवा होता.

चाचणीसाठी रॉड इव्हान्स नावाचा गायक आला, तो आपल्या जुन्या बँडमधल्या ड्रमवाल्या मित्राला सोबत घेऊन. त्याचं नाव इयन पेस, वय १९ वर्षं. त्या वेळी बँडचा आधीचा ड्रमवाला सिगारेटी आणायला बाहेर गेला होता. तेवढ्यात ब्लॅकमोर पेसला म्हणाला, जरा वाजवून दाखव बघू. पेसनं वाजवलं आणि जागा पटकावली. तो बिचारा परत येतो तर त्याची खुर्ची गेलेली! (सिगारेटचे तोटे मी तुम्हाला शाळेत शिकवते, त्यात हाही एक धरा.)

हा पेस लक्षात ठेवा. १९६८ पासून आजपर्यंत या बँडच्या प्रत्येक संचात असलेला तो एकमेव माणूस आहे. तो डावखुरा आहे, त्यामुळे त्याचे ड्रम नेहमीच्या उलट बाजूने मांडलेले असतात. ज्या गायकाचं बोट धरून तो आला, तो गायक मात्र दीड वर्षाच्या आतच गेला. कसा गेला, ते आता सांगते.

नाव बदलून 'डीप पर्पल' झालं होतं. ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्याचं ते नाव. तीन रेकॉर्डही निघाल्या होत्या. पण १९६९ मध्ये लॉर्ड, ब्लॅकमोर आणि पेस यांना वाटू लागलं, की आपल्याला आणखी जोरदार वाजवायचंय आणि इव्हान्सचा गोड आवाज त्याला पुरणार नाही. म्हणून त्यांनी दुसऱ्या एका बँडमधून इयन गिलन हा गायक आणि रॉजर ग्लोव्हर हा बासवाला आणला. इथवर ठीक आहे. पण इव्हान्स आणि सिम्पर यांना त्यांनी हे सांगितलंच नाही! दिवसा लंडनमधल्या हॅनवेल इथल्या एका सभागृहात नव्या दोघांबरोबर गुपचूप सराव करायचा आणि रात्री जुन्या दोघांबरोबर कार्यक्रम करायचे, असे काही आठवडे चाललं.

हे वाचताना मला राग आला. आणि मग एकदम गप्प बसावं लागलं. कारण काही वर्षांपूर्वी मीही हेच केलंय. आमच्या पथकात ढोल वाजवणारा मुलगा ठेका चुकायचा. स्पर्धा जवळ आली होती. मी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मुलाला तयार करायला लागले. विचार केला, याला नंतर सांगू, उगाच आत्ता कशाला दुखवायचं? एके दिवशी तो पाण्याची बाटली शोधत तिकडे आला आणि त्यानं पाहिलं. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ढोलाचं टिपरू माझ्या टेबलावर आणून ठेवलं, एवढंच. त्या वर्षी आमचा दुसरा नंबर आला. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

असो. त्या नव्या पाच जणांनी मात्र कमाल केली. बँडचे चाहते प्रत्येक संचाला गाडीच्या मॉडेलसारखा नंबर देतात. पहिला संच 'मार्क वन', हा 'मार्क टू'. बँड सगळ्यात गाजला तो याच संचामुळे. जॉन लॉर्ड पियानो रीतसर शिकलेला माणूस. त्याचा हॅमंड ऑर्गन आपल्या पेटीसारखा भात्यावर चालत नाही. आत लोखंडी चकत्या चुंबकांसमोर फिरतात आणि त्यातून स्वर तयार होतो. लॉर्डनं तो गिटारच्या मोठ्या स्पीकरला जोडला, तेव्हा तो वाघासारखा गुरगुरायला लागला! गिटार आणि ऑर्गन यांची जुगलबंदी ही या बँडची ओळख झाली. त्यांच्या 'चाइल्ड इन टाइम' या गाण्यातली ऑर्गनची सुरावट त्यांनी एका अमेरिकन बँडच्या धूनवरून घेतली होती, आणि त्या धूनचं नाव होतं 'बॉम्बे कॉलिंग'. आहे की नाही गंमत?

१९७१ च्या डिसेंबरमध्ये हे पाच जण स्वित्झर्लंडमध्ये माँत्र्यो गावी रेकॉर्ड करायला गेले. तिथल्या कसिनोत, म्हणजे करमणुकीच्या मोठ्या इमारतीत, ते रेकॉर्ड करणार होते. पण ४ डिसेंबरला तिथे दुसऱ्याच एका कलाकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे आगीचा बाण सोडला आणि अख्खी इमारत जळून गेली. कार्यक्रमांचे संयोजक क्लोद नोब्स यांनी अडकलेल्या मुलांना बाहेर काढायला मदत केली. तळ्यावर पसरलेला धूर बँडनं हॉटेलच्या खिडकीतून पाहिला. मग एका बंद पडलेल्या थंडगार हॉटेलात, गाद्या भिंतींना लावून, त्यांनी आपलं काम उरकलं. त्यातलं 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं याच आगीवर आहे. गिटार हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण ज्या सुरावटीपासून सुरुवात करतो, ती हीच. आमच्या भाच्यानं तर महिनाभर दुसरं काही वाजवलं नाही. शेजारच्या काकूंना विचारा!

एवढं यश मिळूनही पाळणा काही थांबला नाही. सतत दौरे, थकवा आणि गिलन-ब्लॅकमोर यांचं पटेना. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले. त्यांच्या जागी डेव्हिड कव्हरडेल आला. तोपर्यंत तो कपड्यांच्या दुकानात काम करत होता आणि फारसं कुणी त्याला ओळखतही नव्हतं. त्याच्या जोडीला ग्लेन ह्यूज. १९७५ मध्ये खुद्द ब्लॅकमोरच गेला, टॉमी बोलिन हा अमेरिकन गिटारवाला आला आणि १९७६ मध्ये बँडच बंद पडला. बोलिन त्याच वर्षी अमली पदार्थांपायी गेला. वय अवघं २५.

आता नीट वाचा, कारण आमच्या तिसरीतल्या मुलीचा प्रश्न इथे कोर्टात जातो. १९८० साली अमेरिकेत अचानक डीप पर्पलचे कार्यक्रम व्हायला लागले. लोक तिकिटं काढून गेले, तर रंगमंचावर कोण? आपला पहिला गायक रॉड इव्हान्स, आणि बाकीचे ज्यांचा या बँडशी काडीचाही संबंध नव्हता असे चौघं! लोक चिडले. खऱ्या बँडच्या व्यवस्थापकांनी दावा लावला. आता बघा, इव्हान्स तर पहिल्या पाचांतला. बँड बंद पडलेला, नाव रिकामं पडलेलं. मग त्यानं ते का वापरू नये? पण कोर्टानं निकाल त्याच्या विरुद्ध दिला आणि सहा लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. त्यानंतर इव्हान्स लोकांसमोर आलाच नाही.

मला निकाल पटतो. तिकीट काढणाऱ्यांची फसवणूक झाली, यात शंका नाही. तरी हॅनवेलचं ते सभागृह डोळ्यांपुढून जात नाही.

१९८४ मध्ये मार्क टूचे पाचही जण पुन्हा एकत्र आले. पुन्हा भांडले. १९८९ मध्ये गिलनला काढलं, जो लिन टर्नरला घेतलं, १९९२ मध्ये गिलनला परत बोलावलं! १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून कायमचा गेला. जपानचे कार्यक्रम तोंडावर आलेले. तेव्हा जो सॅट्रियानी हा नामवंत गिटारवादक पाहुणा म्हणून धावून आला. मग स्टीव्ह मॉर्स. त्याला येऊन सहा महिनेही झाले नव्हते तोच, १९९५ च्या एप्रिलमध्ये हा बँड आपल्या मुंबईत येऊन वाजवून गेला. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरणही झालंय. ब्लॅकमोरला ऐकायला आलेल्यांपुढे त्याचीच गाणी वाजवायची, म्हणजे पहिल्याच वर्षी बदली बाईंच्या वर्गावर उभं राहण्यासारखं!

पुढचे बदल मात्र शांतपणे झाले. जॉन लॉर्डचा गुडघा दुखावला तेव्हा डॉन एअरी मदतीला आला, आणि २००२ मध्ये लॉर्डनं राजीखुशीनं निवृत्ती घेऊन जागा त्यालाच दिली. (लॉर्ड २०१२ मध्ये वारले.) मॉर्सनं २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे आधी रजा घेतली, मग बँडचा निरोप घेतला. त्याच्या जागी आलेला सायमन मॅकब्राइड जन्मला तेव्हा 'स्मोक ऑन द वॉटर' कधीच जुनं झालं होतं. तो धरून एकूण पंधरा जण झाले. नंबर लागला 'मार्क नाइन'. २०२४ मध्ये या संचाची नवी रेकॉर्ड आली, तेव्हा गिलन ऐंशीच्या जवळ पोचला होता.

अजून एक राहिलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं या बँडचा मोठा सन्मान केला. तोपर्यंतच्या चौदांपैकी आठ नावं निवडली. त्यात रॉड इव्हान्सचं नाव होतं. तो आला नाही. निक सिम्परचं नाव मात्र नव्हतं. पहिल्या तिन्ही रेकॉर्डवर त्याचीच बास गिटार आहे.

आता तुमचं काम. घरातल्या मोठ्यांना सांगून 'स्मोक ऑन द वॉटर' दोनदा ऐका. एकदा १९७२ चं आणि एकदा मॉर्स किंवा मॅकब्राइड वाजवतोय असं. डोळे मिटून फक्त ड्रमकडे लक्ष द्या, मग फक्त गिटारकडे. काय तेच वाटलं, काय वेगळं वाटलं? आणि तुम्ही न्यायाधीश असता तर १९८० मध्ये इव्हान्सला काय सांगितलं असतंत? दहा ओळींत लिहून पाठवा. आमच्या तिसरीतल्या मुलीनं तिचं उत्तर आधीच दिलंय, पण ते मी तुमची पत्रं आल्याशिवाय सांगणार नाही.

आणि हो, आवाज बेतानंच! १९७२ मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात या बँडचा आवाज ११७ डेसिबल भरला होता. तीन प्रेक्षक बेशुद्ध पडले, आणि गिनीज बुकानं त्यांची जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद केली. शेजारच्या काकूंना तेवढं सोसायचं नाही.

तुमच्या बाई